नाथांच्या काळातलं पैठण आपण का उभं करत नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी मूळची पैठणची, लग्नानंतर अमेरिकेत मेरीलँड राज्यात राहते, पण तुमचा पेपर फोनवर रोज वाचते आणि जे मी वाचत नाही ते बाबा कात्रणाचा फोटो काढून पाठवतात. दर वर्षी नाथषष्ठीला तुम्ही छान बातम्या देता, दिंड्या कुठून कुठून आल्या, गोदावरीत पाणी सोडलं की नाही, काल्याला किती गर्दी झाली. आणि मग यात्रा उठते, राहुट्या निघतात आणि पैठणची बातमी एकदम जायकवाडीच्या पाणीसाठ्यावर येते, ती पुढच्या फाल्गुनापर्यंत तिथेच. मला हे लहानपणापासून खुपतं. एवढं जुनं गाव, आणि बाहेरचा माणूस येतो, नाथांच्या समाधीचं दर्शन घेतो, उद्यान बघतो, एखादा पैठणीच्या दुकानात डोकावतो आणि संध्याकाळच्या आत छत्रपती संभाजीनगरला परत. त्याच्या पोरांना नाथांच्या काळात हे गाव कसं चालत होतं, लोक काय खात होते, कापड कसं विणत होते यातलं काही कळत नाही. या सप्टेंबरमध्ये आई-बाबा इकडे आले होते तेव्हा आम्ही सगळे मिळून इथल्या रेनेसान्स फेस्टिवलला, म्हणजे सोळाव्या शतकातलं युरोपातलं गाव-बाजार उभं करणाऱ्या जत्रेला (इथे तिला फेअर पण म्हणतात), गेलो, आणि तिथे दिवसभर फिरल्यावर माझं ठाम मत झालंय की हे पैठणला होऊ शकतं, व्हायला पाहिजे, म्हणून हे पत्र. थोडं लांबलंय, सांभाळून घ्या.

आधी हे काय प्रकरण आहे ते सांगते. १९६३ च्या मे महिन्यात लॉस एंजेलिसजवळ पहिला असा फेअर भरला. फिलिस पॅटरसन म्हणून एक शिक्षिका होत्या, त्या आपल्या घराच्या मागच्या अंगणात मुलांची नाटकं बसवायच्या, जुन्या इटलीत रस्त्यावर व्हायची त्या धर्तीची, त्यातून त्यांना आणि त्यांच्या नवऱ्याला, रॉन पॅटरसन यांना, सुचलं की नुसतं नाटक कशाला, अख्खा जुना बाजारच भरवूया. एका रेडिओ स्टेशनसाठी पैसे गोळा करायचे होते, त्या निमित्ताने दोन दिवस बाजार भरला आणि लोकांना तो इतका आवडला की पुढे दर वर्षी व्हायला लागला. मग मिनेसोटात १९७१ ला, टेक्सासमध्ये १९७४ ला, आमच्या मेरीलँडमध्ये १९७७ ला, असं करत करत आता अमेरिकेच्या बहुतेक भागांत कुठे ना कुठे असा फेअर असतोच. सरकारने काढलेली योजना नव्हती ही. मुलांना घेऊन नाटक करणाऱ्या एका बाईंच्या अंगणातून हे निघालंय, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

मेरीलँडचा फेअर १९८५ पासून क्राउन्सविल या गावाजवळच्या झाडीत भरतो. ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत, शनिवार-रविवार. गवताच्या मैदानात गाडी लावायची, फाटकातून आत गेलं की मोठमोठ्या झाडांखाली एक गाव वसवलेलं दिसतं, रेव्हल ग्रोव्ह त्याचं नाव, लाकडी घरं, उतरती छपरं, वर माडी खाली दुकान, आणि ही घरं तंबू-मांडव नाहीत तर कायमची बांधलेली आहेत, त्यामुळे खोटं खोटं वाटत नाही. काळ इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचा. राजा स्वतः गावात फिरतो, राणी असते, सरदार, भाट, विदूषक, कोळीण, चोर, धर्मगुरू, सगळे रस्त्यावर तुमच्यामधूनच चालतात आणि तुमच्याशी त्या काळच्या भाषेत बोलतात. हे नट सीझनच्या आधी बोलण्याची, मुजऱ्याची, चालण्याची तालीम करतात. प्रेक्षकांतले पण कितीतरी जण घरून जुने पोशाख घालून येतात, आजोबा-नातू एकसारखा अंगरखा घालून फिरताना दिसले, कमरेला तलवार असेल तर ती म्यानात बांधून ठेवावी लागते, बाहेर काढायची नाही.

माझ्या मुलीने लांब घागरा आणि वर घट्ट कंचुकीसारखं काहीतरी घातलं होतं, मुलाने चादरीचा झगा केला होता, आणि आईने तर ठरवूनच नऊवारी नेसली. मी म्हटलं आई चालायला लागेल खूप, तर म्हणाली अगं याच्यातच चालता येतं, तुमच्या त्या पँटीत नाही. आत गेल्यावर एक दरबारी बाई, नटीच ती, समोरून आली, आईकडे बघून थांबली, गुडघ्यात वाकून तिने नमस्कार केला आणि विचारलं की बाईसाहेब आपण कोणत्या देशाहून आलात. मी सांगितलं हिंदुस्थानातून. तर ती पटकन म्हणाली, मग आपण पोर्तुगीजांच्या जहाजातून आला असणार, मिरी आणली आहे का सोबत? आईला मी सांगितल्यावर आई इतकी हसली. पण बाबा गंभीर झाले, मला म्हणाले, हिने बरोबर सांगितलं गं, त्या काळात इंग्रज अजून आपल्याकडे आलेच नव्हते, आपली मिरी पोर्तुगीज नेत होते आणि त्यांच्याकडून ती युरोपभर जायची. एका शनिवार-रविवारच्या नटीला हे माहीत आहे, आणि तिने ते एका वाक्यात खेळात गुंफलं, हे मला फार भारी वाटलं.

बाबा शाळेत इतिहास शिकवायचे, त्यामुळे मग त्यांना जोरच चढला. दुपारी झाडाखाली बसून आम्ही खात होतो तेव्हा त्यांनी दोन्ही नातवंडांना घेऊन बसवलं आणि सांगायला लागले की हा हेन्री गादीवर बसला १५०९ ला, आणि त्याच वर्षी तिकडे विजयनगरला कृष्णदेवराय गादीवर बसला. कृष्णदेवरायाने पंढरपूरची विठ्ठलाची मूर्ती विजयनगरला नेली होती आणि ती परत आणली भानुदासांनी, असं आपली परंपरा सांगते, आणि हे भानुदास म्हणजे आपल्या पैठणच्या एकनाथ महाराजांचे पणजोबा. पुढच्याच वर्षी, १५१० ला, पोर्तुगीजांनी गोवा घेतला. १५२६ ला बाबर पानिपतला जिंकला. आणि १५३३ ला या हेन्रीला मुलगी झाली, एलिझाबेथ, जी पुढे इंग्लंडची मोठी राणी झाली, आणि नाथांचा जन्मसुद्धा साधारण १५३३ चाच मानतात. माझी मुलगी नववीत आहे, इथल्या शाळेत तिला ट्यूडर राजे, म्हणजे या हेन्रीचं घराणं, शिकवतात, घरी आजोबांकडून एकनाथांच्या गोष्टी ऐकते, पण ही दोन माणसं एकाच वेळी जगत होती हे तिच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याही नाही. तिने मग विचारलं की आजोबा, या गावातला कुणी माणूस कधी मराठी बोलला असेल का? बाबा म्हणाले, या गावातला नाही पण इंग्लंडमधला एक बोलला. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज पाद्री १५७९ ला गोव्यात आला, तिथली भाषा शिकला, आणि त्याने मराठी ओवीत ख्रिस्तपुराण रचलं, ते १६१६ ला छापलं गेलं. तो गोव्यात उतरला तेव्हा नाथ पैठणात हयात होते. पोरं गप्प होऊन ऐकत होती, शेजारच्या ओट्यावर बसलेलं एक अमेरिकन जोडपं पण काय चाललंय विचारायला लागलं, मग मी त्यांना इंग्रजीत सांगितलं. पुस्तकातून हे असं पोचत नाही हो. आजूबाजूला ते गाव होतं म्हणून पोचलं.

आता कारागिरांबद्दल सांगते, कारण मला सगळ्यात जास्त तेच भिडलं. काचकाम करणारा भट्टीसमोर उभा, लांब पोकळ नळीच्या टोकाला वितळलेली काच घेतो, फुंकतो, फिरवत राहतो, कारण फिरवणं थांबलं की ती खाली ओघळते, आणि हे सगळं करता करता समोरच्या पोरांना बोलून समजावतो. लोहाराकडे ऐरण, घण, भाता, तापलेलं लोखंड कोणत्या रंगाचं झालं की ठोकायचं हे तो रंगावरून सांगतो. एका ठिकाणी टांकसाळ, दोन ठशांच्या मध्ये धातूची चकती ठेवून वरून वजन पाडायचं की नाणं तयार, मुलाने स्वतः पाडलं आणि ते नाणं अजून त्याच्या उशाखाली आहे. कुंभार, चामड्याचं काम करणारे, मेणबत्त्या करणारे. एक बाई मेंढीची लोकर टकळीवर कातत होती. आई म्हणाली अगं ही तर आपली टकळी, आमच्या वेळी शाळेत सूतकताईचा तास असायचा. त्या बाईने आईच्या हातात टकळी दिली आणि आईने इतक्या वर्षांनी पण सरसर सूत काढलं, तुटलं, परत सांधलं, परत काढलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती पण बोटांनी चालू होतं त्यांचं बराच वेळ, लोकर कापसापेक्षा कशी वेगळी ओढायची वगैरे, आणि माझी पोरगी, जी एरवी फोनमधून डोकं वर काढत नाही, आजीच्या हाताकडे बघत उभी होती.

हे कारागीर हौशी नाहीत, हेच त्यांचं पोट आहे. दिवसभर करून दाखवतात आणि त्याच दुकानातून विकतात. यातले पुष्कळ जण फेअरबरोबर फिरतात, थंडीत फ्लोरिडा-ॲरिझोना, वसंतात टेक्सास, शरद ऋतूत आमच्या बाजूला. नट, दोरीवरचे खेळ करणारे, जादूगार पण तसेच. सामान गाडीत, गाव बदलत राहतं. बाबांना लगेच आपले नंदीवाले, डोंबारी, बहुरूपी, वासुदेव, गोपाळ आठवले, ते पण असेच पिढ्यान् पिढ्या गावोगाव फिरत आले. आणि मग जो फरक दिसतो तो बघून जीव तुटतो. इथे तारेवर चालणाऱ्या माणसाला स्टेज आहे, खेळाची वेळ फाटकावरच्या कागदावर छापलेली आहे, लोक दहा मिनिटं आधी येऊन बाकावर जागा धरतात. खेळ संपल्यावर तो उघडपणे सांगतो की मित्रांनो माझी कमाई या टोपीत आहे, आवडलं असेल तर टाका, आणि लोक रांगेत जाऊन टाकतात, लहान मुलांच्या हातात नोट देऊन आईबाप त्यांना पुढे पाठवतात, तो कलाकार मुलांशी हात मिळवतो. कुणालाही यात भीक वाटत नाही, घेणाऱ्यालाही नाही, देणाऱ्यालाही नाही. आमच्या पैठणच्या यात्रेत मी लहानपणी डोंबाऱ्याचा खेळ बघितलाय, माझ्याच वयाची पोरगी दोरीवर होती, खाली ढोलकं वाजत होतं आणि ताटली फिरायला लागली की अर्धी गर्दी पाठ फिरवून निघून जायची. आजही बहुरूपी पोलिसाचा वेश करून दारात आला तर आपण त्याला कटवतो. लहान पोरींना दोरीवर चढवू नये हे अगदी बरोबर आहे, त्या शाळेत गेल्या पाहिजेत, पण त्यांच्या मोठ्या माणसांच्या अंगात जी कला आहे तिला वेळ, जागा आणि पैसा द्यायचं काम आपण केलं नाही ते नाहीच.

घोड्यावरच्या भाल्याच्या झुंजीबद्दल लिहिलं नाही तर मुलगा रागवेल. जाऊस्टिंग म्हणतात तिला. मोठं रिंगण, मध्ये आडवं कुंपण, दोन्ही टोकांकडून चिलखत घातलेले स्वार भाले आडवे धरून भरधाव येतात आणि एकमेकांच्या ढालीवर मारतात, भाल्याचं टोक हलक्या लाकडाचं असतं ते ताडकन मोडतं आणि तुकडे उडतात. पब्लिक अर्धं एका स्वाराच्या बाजूने अर्धं दुसऱ्याच्या, घसा फुटेस्तोवर ओरडतात. खेळ असला तरी घोडे खरे, वेग खरा, पडणं पण खरं. हा हेन्री राजा तरुणपणी स्वतः असा खेळायचा आणि जानेवारी १५३६ मध्ये ग्रिनिचला घोड्यासकट पडला, त्यातून तो वाचला, पण फ्रान्सचा दुसरा हेन्री १५५९ ला याच खेळातल्या जखमेने गेला. आणि एक गंमत अशी की मेरीलँड राज्याचा अधिकृत खेळच जाऊस्टिंग आहे, १९६२ पासून, फक्त त्यात माणूस माणसाला मारत नाही, टांगलेल्या छोट्या छोट्या कड्या पळत्या घोड्यावरून भाल्याच्या टोकात ओवायच्या असतात. आपल्याकडे घोडदळात जमिनीतली खुंटी भाल्याने उचलतात ना, त्याचाच भाऊ. कोल्हापूरच्या मर्दानी खेळांच्या आखाड्यांत, पट्टा-विटा फिरवणाऱ्या पोरांत हे सगळं आजही जिवंत आहे, पण बघायला मिळतं कधी, तर मिरवणुकीत पाच मिनिटं, मागून डीजे चालू असताना.

लहान मुलांचे पाळणे-चक्र विजेशिवाय चालतात, माणसं हाताने ढकलतात, अगदी आपल्या जत्रेतल्या जुन्या लाकडी पाळण्यासारखे. खाण्याचं फार सांगत नाही. टर्कीची भाजलेली तंगडी हातात धरून खाणं हा तिथला मोठा थाट, आम्ही शाकाहारी मंडळी भाजलेलं कणीस आणि बटाट्यावर होतो. यात पण बाबांनी मुद्दा काढलाच, की टर्की, मका, बटाटा, तिन्ही मूळचे अमेरिकेतले, कोलंबसानंतर बाहेर गेलेले, म्हणजे हेन्रीच्या गावातल्या साध्या माणसाच्या ताटात यातलं बहुधा काही नसणार. आणि आपली मिरची पण तिकडचीच, पोर्तुगीजांबरोबर आलेली. नाथांच्या घरी पंगतीला जो तिखटपणा होता तो मिरी-पिंपळीचा, आलं-मोहरीचा असणार. मिरचीशिवायचं वरण, शेंगदाण्याशिवायची भाजी, टोमॅटो नाही बटाटा नाही, हे आईला ऐकूनच कसंतरी झालं, पण मला वाटतं असं जेवण एकदा मुद्दाम करून लोकांना वाढावं, सोळाव्या शतकाबद्दल त्या एका ताटातून जेवढं कळेल तेवढं भाषणातून कळणार नाही.

सगळंच गोड होतं असं मी म्हणत नाही. अशा फेअरमध्ये काळाची उजेडाची बाजू दिसते. प्लेग दिसत नाही, उपासमार दिसत नाही, धर्मावरून लोकांना जाळलं-मारलं ते दिसत नाही, मठ मोडले ते दिसत नाही. मुलीने राणीबरोबर फोटो काढला आणि मग मला विचारलं की आई या राजाने तर आपल्या दोन बायकांची मुंडकी उडवली ना, मग त्याला लोक एवढे मुजरे का करतायत. चांगला प्रश्न आहे. तिला आम्ही घरी येताना गाडीत सगळं सांगितलं, ॲन बोलिनचं १५३६, कॅथरिन हॉवर्डचं १५४२, काहीही न लपवता. फेअरने तो प्रश्न तिच्या मनात उभा केला, उत्तर द्यायचं काम आमचं होतं, ते आम्ही केलं.

आणि म्हणूनच मला वाटतं की पैठणला हे जास्त चांगलं, जास्त खरं करता येईल. कारण आपल्याकडे त्या काळातला सगळ्यात मोठा साक्षीदार स्वतः सगळं सांगून गेलाय. नाथांची भारुडं म्हणजे दुसरं काय आहे, त्यात वासुदेव आहे, जोशी आहे, गोंधळी आहे, वाघ्या-मुरळी आहेत, कोल्हाटीण आहे, फकीर आहे, महार आहे, आंधळा-बहिरा आहे, अख्खं गाव आहे. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक माणूस त्यांनी उचलला आणि त्याच्या तोंडी बोल घातले. आणि जातीचं दुखणं त्यांनी झाकून नाही ठेवलं. वाळवंटात पाय पोळणारं महाराचं पोर कडेवर घेतल्याची गोष्ट पैठणचं शेंबडं पोर पण सांगतं. आपण ते गाव उभं करताना पाणवठा कुणाचा, कुणी कुठून चालायचं, कुणाला देवळात जाता येत नव्हतं हे गाळलं तर ती नाथांशीच बेइमानी होईल. ते दाखवायचं, नाथांनी त्याचं काय केलं ते पण दाखवायचं, आणि बघायला आलेल्या पोरांना प्रश्न पडू द्यायचे.

माझ्या डोळ्यासमोर काय आहे ते सांगते. दिवाळी ते होळी, थंडीचे महिने, फक्त शनिवार-रविवार. यात्रेच्या काळात नाही, यात्रा ही यात्रा आहे, तिच्यात कुणी ढवळाढवळ करू नये, समाधी, वाडा, घाट यांच्यापासून लांब, गावाबाहेर झाडी असलेल्या एखाद्या जागेवर, जिथे दगडमातीची, चौसोपी, धाब्याची घरं कायमची बांधता येतील. माग चालू पाहिजेत, विणकर स्वतः बसलेला पाहिजे, एकेका रंगाची वेगळी कांडी घेऊन काठ-पदर कसा विणतात, मागून-पुढून सारखाच का दिसतो हे त्याने समजावायचं आणि तिथेच विकायचं, मध्ये दलाल नको. खुलताबादच्या वाटेवर कागजीपुऱ्यात तुघलकाच्या काळापासून हातकागद होतो, म्हणजे नाथांच्याही आधीपासून, ते लोक येऊन लगदा, चाळणी, घोटणं सगळं करून दाखवू शकतात, शेजारी बोरूने पोथी लिहिणारा बसेल, कारण नाथांनी १५८४ ला ज्ञानेश्वरीची पाठशुद्ध प्रत तयार केली ती याच पद्धतीने, समोर वेगवेगळ्या हस्तलिखित पोथ्या घेऊन ताडून बघत. मुलांनी एक ओळ तरी बोरूने लिहावी. तांबट, कुंभार, लोहार, बुरूड, तेलघाणा. भारूड करणारी मंडळी मराठवाड्यात आजही आहेत, त्यांना वेळापत्रकात जागा द्या, ठरलेलं मानधन द्या आणि वर प्रेक्षकांनी दिलेलं सगळं त्यांचंच. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्राचा विभाग आहे, तिथली पोरं-पोरी गावकरी म्हणून फिरतील, त्यांना कामही मिळेल आणि जुन्या मराठीत उत्स्फूर्त बोलायची सवय लागेल, जी कुठल्याच नाटकात लागत नाही. जेवणाला ज्वारीची भाकरी, हुरडा, मिरीचं वरण. लाउडस्पीकर अजिबात नाही, हे पहिल्या दिवसापासून, कारण इथे मला सगळ्यात सुख कशाने दिलं असेल तर माईकचा कर्कशपणा नव्हता त्याने, बासरी, हातोडा, घोड्याच्या टापा आणि माणसांचं बोलणं ऐकू येत होतं.

कुणी म्हणेल की आपल्याकडे रायगडावर शिवराज्याभिषेक सोहळा होतो, लाखो लोक जातात, मग हे वेगळं कशाला. मी स्वतः रायगडावर ६ जूनला गेलेली आहे, अंगावर काटा येतो तिथे, ते झालंच पाहिजे. पण तो एक दिवसाचा सोहळा आहे आणि राजाचा आहे. मी बोलतेय ते कोष्ट्याच्या, तांबटाच्या, भारुडी माणसाच्या रोजच्या दिवसाबद्दल, जिथे आईबाप पोरांना घेऊन सकाळी येतील आणि संध्याकाळपर्यंत रमतील, कुठे रांगेत ढकलाढकली नाही, कुणा पुढाऱ्याचा बॅनर नाही. आणि हो, पुढाऱ्यांचे बॅनर नकोत हे मी मुद्दाम लिहितेय, ते छापा.

दुसरी शंका पैशाची. मला तिचं पूर्ण उत्तर येत नाही पण इथे जे दिसलं ते सांगते, तिकीट आहे, लोक आधी ऑनलाइन काढतात, दुकानदार स्वतःचा माल विकून कमावतो, कलाकार खेळावर कमावतो. सुरुवात एवढ्या मोठ्या गावापासून झाली नाही, १९६३ ला दोन दिवसच होते. पैठणला पण एका थंडीत दोन शनिवार-रविवार करून बघता येईल, दहा माग-भट्ट्या, एक भारूड मंडळ, एक स्वयंपाकघर. शाळांच्या सहली तर नाहीतरी पैठणला येतातच, त्यांना आज तासाभरात काय दाखवावं हा शिक्षकांपुढे प्रश्न असतो.

संपादक महोदय, तुम्हाला एकच विनंती, माझ्यासारख्या लांब बसलेल्या बाईचं पत्र छापून विषय संपवू नका. पैठणच्या मागावर बसणाऱ्या दोन-तीन विणकरांना, एखाद्या भारूडकाराला, एखाद्या वासुदेवाला, कागजीपुऱ्यातल्या कारागिराला तुमच्या रविवारच्या पुरवणीत जागा द्या आणि त्यांनाच विचारा की असं गाव वसलं तर तुम्ही याल का, किती रोज घ्याल, काय दाखवाल आणि काय दाखवणार नाही. कारण त्यांना नको असेल तर माझ्या हौसेला काही अर्थ नाही. त्यांना हवं असेल तर इथले कारागीर आणि कलाकार यांच्याशी बोलून फेअर आतून कसा चालतो, दुकानाची जागा कशी देतात, नटांची तालीम कशी घेतात ही सगळी माहिती गोळा करून मराठीत लिहून पाठवायचं काम माझं. बाबा डिसेंबरमध्ये पैठणला परत येतायत, ते तुमच्या कार्यालयात येऊन भेटतील, त्यांनी आत्ताच वहीत कुणाकुणाला विचारायचं त्यांची नावं लिहायला घेतली आहेत.

आपली,
एक वाचक
मेरीलँड, अमेरिका (मूळ गाव पैठण)